शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यातला दिवा: या चुका टाळा

संक्रांतीच्या थंडीत लावलेला मोठा बल्ब एप्रिल उजाडला तरी तसाच जळत असतो. सोलापुरात शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा पाळीव सरडा, भाजण्याचं हे पहिलं कारण. इथे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याच्याही वर. आपल्याकडे बहुतेकांकडे असतो तो येमेनचा व्हेल्ड शॅमेलिऑन. त्याच्या शेकायच्या फांदीवर २९ ते ३२ अंश पुरतात, पिल्लांना त्याहून कमी. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी उष्णतेचा दिवा बंदच हवा आणि खोली गार कशी राहील ते बघायला हवं. यूव्हीबीची, म्हणजे अतिनील किरणांची नळी वेगळी, ती चालू ठेवा.

दुसरी चूक म्हणजे भाजल्याच्या डागाला रंग बदलणं समजणं. याचा मला फार राग येतो, कारण यात जनावराचे दिवस फुकट जातात. जुळे सोलापुरातल्या एका मुलाने पोल्ट्रीत पिल्लांना लावतात तो लाल बल्ब पिंजऱ्याच्या आत टांगला होता. चांगला बल्ब मागवला तर यायला आठवडा लागेल, एवढंच कारण. सरडा काळपट दिसायला लागला. थंडी वाजली की शॅमेलिऑन गडद होतो, हे त्याने कुठेतरी वाचलेलं. म्हणून त्याने बल्ब आणखी खाली घेतला! मला फोन आला तेव्हा म्हणाला, "काका, एवढा शेक देतोय तरी ह्याची थंडी जाईना."

मी रात्री गेलो. झोपलेला शॅमेलिऑन फिकट पडतो, म्हणून संशय आला की मी रात्रीच टॉर्च मारून बघतो. अंग सगळं फिकट हिरवं, पण डोक्यावरच्या तुऱ्याचं टोक आणि पाठीच्या कण्यावरची एक पट्टी कॉफीसारखी तपकिरी. तो डाग झोपेतही हलला नाही. पुढे तिथे खपली धरली, तुऱ्याचं टोक वाळून गळलं. जनावर वाचलं, पण त्या जागी रंग परत आला नाही.

चटका बसतोय तर तो बाजूला का होत नाही, असं सगळे विचारतात. अंग आतून ऊबेपर्यंत तो जागचा हलत नाही. उन्हात सगळं अंग सारखं तापतं. जवळचा बल्ब मात्र बोटभर जागेतली कातडी भाजून काढतो आणि आतून तो अजून गारच असतो.

म्हणून बल्ब कायम जाळीच्या बाहेर, आणि जाळीला टेकवून नाही, कारण हे जनावर जाळीला उलटं लटकतं. सगळ्यात वरच्या फांदीपासून बल्बपर्यंत मी निदान दीड वीत अंतर ठेवतो. तापमान फांदीवर मोजू नका, सरडा बसल्यावर तुरा जिथे येतो तिथे मोजा. एवढ्या दोन-तीन इंचांतच घात होतो. साधा ४० वॅटचा बल्ब बहुतेक घरांत पुरतो. मी त्याला डिमर (बल्ब कमी-जास्त करायचं बटण) लावतो आणि नवा बल्ब बसवला की सरडा आत सोडण्याआधी पूर्ण दुपार नुसता चालवून बघतो. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी हे जनावर आणू नये.

रात्री दिवा नको, लालही नको. उजेड न देता नुसती उष्णता देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटशिवाय (ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद करणाऱ्या यंत्राशिवाय) लावू नका. तापलेल्या बल्बवर पाण्याचा फवारा गेला तर काच तडकते. आणि माळावरचा आपला घोयरा, म्हणजे देशी शॅमेलिऑन, पकडून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. परदेशी शॅमेलिऑनचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

भाजलंच तर आधी दिवा बंद करा. जागेवर साधं गार पाणी हळूहळू सोडा, बर्फ लावू नका. हळद, तूप, टूथपेस्ट यातलं काही नको, आणि घरातली वेदनाशामक गोळी तर अजिबात नको. सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याला त्याच दिवशी फोटो पाठवा. जखम खरी किती खोल आहे ते काही दिवसांनीच दिसतं. डॉक्टर बहुधा सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम देतात. ते सांगतील तेवढंच, पातळ लावा. पाणी जास्त वेळा पाजा, कारण भाजलेल्या कातडीतून अंगातलं पाणी जातं. खपली नखाने काढू नका, कात टाकताना ती आपोआप सुटते, कधी दोन-तीन काती जाव्या लागतात. कडेला ओल, पू किंवा सूज दिसली, किंवा त्याने खाणं सोडलं, तर फोटोवर न थांबता त्याला घेऊन जा.