साठ युनिट्सचा संसार

"फॅमिली सायन्स म्हणजे आपलं होमसायन्सच ना? ते अमेरिकेत कशाला शिकायला हवं?" सांगलीहून आत्यानं फोनवर विचारलं होतं. तिचं अगदीच चूक नव्हतं, मूळ एकच आहे. एमआयटीची पहिली विद्यार्थिनी एलेन स्वॉलो रिचर्ड्स हिच्या पुढाकारानं १९०९ मध्ये होम इकॉनॉमिक्सची अमेरिकन संघटना उभी राहिली आणि १९९४ मध्ये त्याच संघटनेनं आपल्या नावात 'फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस' घेतलं. आपल्या बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातलं होमसायन्सही आता 'फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस' म्हणून ओळखलं जातं. पण मी शिकले त्यात शिवण नव्हतं, स्वयंपाकही नव्हता. मूल वाढतं कसं, घरातली माणसं एकमेकांना घडवतात-बिघडवतात कशी, आणि त्या घरावर शाळा, नोकरी, कायदा यांचा दाब कसा पडतो, हे होतं.

मी एसवायबीए अर्धवट सोडून, लग्न होऊन, एच-फोर व्हिसावर, म्हणजे नोकरीवर आलेल्या नवऱ्याची बायको म्हणून, कॅलिफोर्नियात आले. पहिलं वर्ष घरात गेलं. एच-फोरवर शिकायला वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही, हे मला तब्बल दीड वर्षानं कळलं, तेही भिशीच्या गप्पांत. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे फी. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं करून पुढे विद्यापीठात 'ट्रान्सफर' होता येतं अशी सरकारी कॉलेजं, आणि राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलर पडतात. विद्यापीठात जायला लागणाऱ्या साठ युनिट्सचे झाले २,७६० डॉलर. पुस्तकं आणि किरकोळ शुल्कं वेगळी. रहिवासी नसाल तर हाच आकडा कित्येक पट होतो. एच-फोरवाल्यांना रहिवासी ठरता येतं, त्यासाठी सत्र सुरू होण्याआधी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचा पुरावा लागतो. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना ही सोय नाही. म्हणून आल्या आल्या ड्रायव्हिंग लायसन्स काढा, बँकेच्या खात्यावर आपलंही नाव घाला. माझं नाव कशावरच नव्हतं. सगळं 'ह्यांच्या' नावावर! त्यापायी एक सत्र हुकलं.

आता माझी खरी चूक. मी कॅटलॉग उघडला, 'चाइल्ड' शब्द दिसेल तो कोर्स घेत सुटले. बालवाडीचा अभ्यासक्रम कसा आखायचा, लहान मुलांचं आरोग्य आणि सुरक्षा, प्रॅक्टिकम म्हणजे प्रत्यक्ष वर्गातलं काम. सगळे चांगले कोर्स, मार्कही उत्तम. तिसऱ्या सत्रात काउन्सेलरनं शांतपणे सांगितलं की यातले बरेचसे अर्ली चाइल्डहूड एज्युकेशनच्या ट्रान्सफर डिग्रीला लागतात, तू म्हणतेस त्या चाइल्ड अँड अडोलेसंट डेव्हलपमेंटला नाहीत. दोन डिग्र्या, नावं सख्ख्या बहिणींसारखी, पण एक बालवाडी शिक्षिका घडवते आणि दुसरीत मानसशास्त्र आणि स्टॅटिस्टिक्स येतं. माझे नऊ युनिट नुसते इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, म्हणून पडून राहिले.

तेव्हा आधी विद्यापीठ पाहा, मग तिथून उलटं मागे या. एकच विषय प्रत्येक ठिकाणी वेगळ्या नावानं नांदतो: सॅन होजे स्टेटला चाइल्ड अँड अडोलेसंट डेव्हलपमेंट, ईस्ट बेला ह्यूमन डेव्हलपमेंट, नॉर्थरिजला फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस. आपल्या कॉलेजचा कुठला कोर्स तिथल्या कुठल्या कोर्सच्या जागी धरला जातो, ते 'असिस्ट' या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतं. तो कागद छापून काउन्सेलरकडे न्या. रिकाम्या हातानं गेलात तर अर्धा तास तुमची ओळख करून घेण्यातच जातो. ट्रान्सफरची असोसिएट डिग्री, म्हणजे कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी, घेतली की कॅल स्टेटमध्ये, म्हणजे वरची तिन्ही ज्यात येतात त्या राज्य विद्यापीठात, प्रवेशाची हमी मिळते, पण ती कुठल्यातरी कॅम्पसची, तुमच्या घराजवळच्या कॅम्पसची नव्हे. नवरा-मुलं-घर असलेल्या बाईनं हे वाक्य दोनदा वाचावं.

स्टॅटिस्टिक्सला मात्र घाबरून शेवटपर्यंत ढकलू नका. मी ढकललं आणि शेवटच्या सत्रात रात्री मुलाला झोपवून स्टँडर्ड डेव्हिएशन घोकत बसले.

बालवाडीत मुलांच्या निरीक्षणाचे तास सुरू होण्याआधी लसींचे कागद आणि टीबीची तपासणी लागते. आपल्याला लहानपणी बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे हातावरची तपासणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते. माझा हात फुगला, नर्स गंभीर झाली, मग छातीचा एक्स-रे, आठवडा गेला. सरळ रक्ताची तपासणी मागा.

आणि ते निरीक्षण! कॉलेजच्या बालवाडीत काचेआडून एका मुलाला तासभर पाहायचं आणि लिहायचं. मी लिहिलं, "आई गेल्यामुळे तो दुःखी आहे." प्रोफेसरबाईंनी वाक्याखाली रेघ मारली: दुःख तुला दिसलं कुठे? पुन्हा बसले. "तो दाराकडे पाहतो. डाव्या हातानं सदऱ्याचं टोक पिळतो. बाईंनी ठोकळा पुढे केला, त्यानं घेतला नाही." एवढंच लिहायला मला महिना लागला. आपल्याकडे मूल रडलं की कारण आधी ठरतं, भूक नाहीतर दृष्ट.

पुढच्या सत्रात जेनोग्राम काढायचा होता, म्हणजे तीन पिढ्यांचा घराचा नकाशा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. माझ्या आजीनं तिच्या आतेभावाशी लग्न केलं होतं, आपल्याकडे त्यात वावगं काही नाही. मी दुहेरी रेघ मारली आणि शेजारच्या एकोणीस वर्षांच्या मुलीनं भुवया उंचावल्या. प्रोफेसरबाईंना मी पहिल्या नावानं हाक मारायची होती, ते मला वर्षभर जमलं नाही. त्या दिवशी मात्र त्यांनीच मला पुढे बोलावलं आणि फळ्यावर आत्या, मावशी, काकू, मामी अशा चार वेगळ्या 'आंटी' समजावायला लावल्या. मानसशास्त्रज्ञ ब्रॉन्फेनब्रेनरची एकात एक वर्तुळं, मध्ये मूल आणि भोवती घर, शाळा, समाज, मला खरी कळली ती त्या दिवशी.

एक गोष्ट जड गेली. इथं बालवाडीत काम करणाऱ्याला मुलावर अत्याचाराचा वाजवी संशय आला तरी ताबडतोब फोन आणि ३६ तासांत लेखी अहवाल द्यावाच लागतो. मुख्याध्यापिकेला सांगून हात झटकता येत नाहीत. धपाटे खाऊन वाढलेल्या मला तो धडा शिकताना माझीच आई डोळ्यांपुढे येत होती, आणि ती बिचारी तेव्हा माझ्याच घरी माझ्या मुलाला भरवत होती.

कामाचं म्हणाल तर बारा युनिट्सच्या ठरावीक कोर्सांवर लायसन्सवाल्या बालवाडीत शिक्षिकेच्या जागेसाठी विचार होऊ शकतो, पण एच-फोरवर वर्क परमिट हातात येईपर्यंत पगार घेता येत नाही.

कॅल स्टेटचा फॉलसाठीचा, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या सत्रासाठीचा, अर्ज आदल्या ऑक्टोबरात उघडतो. भारतातले मार्क असतील तर त्यांचं मूल्यांकन उन्हाळ्यातच करून घ्या. आमच्या भारतातल्या विद्यापीठातून मार्कांचं सीलबंद पाकीट निघायला चार महिने आणि मामेभावाच्या सहा चकरा लागल्या. आणि प्रत्येक कोर्सचा सिलॅबस जपून ठेवा. ट्रान्सफर झाल्यावर विद्यापीठानं माझा कुटुंब-समाज हा कोर्स आधी नाकारला होता. चार वर्षांपूर्वी मी स्वतःलाच मेल करून ठेवलेला सिलॅबस पाठवला, आणि तीन युनिट्स परत मिळाली.