कॉलम मोडमध्ये काम करताना या चुका टाळा

कॉलम मोड म्हणजे टेक्स्ट एडिटरमध्ये आडव्या ओळींऐवजी उभा पट्टा निवडून काम करणं. ज्या फाईलमध्ये प्रत्येक रकाना ठरलेल्या अक्षरसंख्येचा असतो, तिथे ते लागतं. फोंड्यात आमच्याकडे दर महिन्याला कोणी ना कोणी पेनड्राईव्ह घेऊन येतोच, "दादा, स्क्रीनवर सगळं सरळ दिसतंय, तरी बँक फाईल घेत नाही." मी आधी एकच विचारतो, टॅब मारलास काय?

टॅबसारखी दुसरी वाईट चूक नाही. कॉलम मोडमध्ये फाईल चौकटीच्या वहीसारखी दिसते, पण आत एकामागून एक अक्षरंच असतात, आणि टॅब हे त्यातलं एकच अक्षर, स्क्रीनवर मात्र सेटिंगप्रमाणे चार किंवा आठ घरांपर्यंत जागा अडवून बसतं. एकदा चवथीच्या दोन दिवस आधी एका सोसायटीची डिव्हिडंडची फाईल आली, पोराने नावांपुढे टॅब देऊन रकाने जुळवलेले, मग अल्ट धरून माऊसने उभा पट्टा कापलेला. दिसायला झकास. बँकेने टॅब एकच अक्षर धरला, खाते नंबर डावीकडे सरकले, फाईल परत. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या चौकटीचं, सामान आणायचं राहिलं बाजूला, रात्री अकरापर्यंत एकेक ओळ तपासत बसलो. तेव्हापासून मी नोटपॅड प्लस प्लस या एडिटरमध्ये आधी न दिसणारी अक्षरं दिसायला लावतो, टॅबचे बाण दिसले की टॅबची रुंदी फाईल बनवणाऱ्याच्या एवढीच ठेवून ब्लँक ऑपरेशन्स या मेनूमधून टॅबच्या स्पेस करतो, मगच अल्टला हात. नव्या पोरांना हा एक मिनिटही जड जातो, त्याचा मला खरंच राग येतो.

ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरचा पिक्चर मोड मला मनापासून आवडतो, ओळ संपली तरी कर्सर उजवीकडे जातो आणि टाईप केलेलं जुन्या अक्षरावर बसतं, बाकी काही हलत नाही. पण कंट्रोल-सी दोनदा दाबून बाहेर पडलात की ओळींच्या शेवटच्या स्पेस उडतात, 80 अक्षरांचा रेकॉर्ड, म्हणजे एक ओळ, 71 चा होतो. आधी कंट्रोल-यू दाबा.

विम या एडिटरमध्ये ब्लॉक, म्हणजे उभा पट्टा, निवडून कॅपिटल आय केलं तर आखूड ओळी सुटतात. त्याऐवजी कॅपिटल ए वापरा, ते पट्ट्याच्या शेवटी मजकूर घालतं आणि आखूड ओळी स्पेसने भरून घेतं.

फॉन्ट मोनोस्पेसच हवा, म्हणजे प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी.

देवनागरी नावं असली तर डोळ्यांवर जाऊ नका. 'म्हापसा' तीन अक्षरं दिसतात, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या हिशेबात, सात, आणि फाईलमध्ये यूटीएफ-8 पद्धतीने साठवताना 21 बाईट. असा रकाना मी उभा कापतच नाही.

पाठवण्याआधी दोन-चार ओळींच्या टोकाला कर्सर नेऊन नोटपॅड प्लस प्लसमध्ये खालच्या पट्टीतला कॉलम नंबर बघा, 80 अक्षरांच्या ओळीला तो 81 दाखवायला हवा.