दिवे लावले की ऑइल टेंपरेचरचा काटा हलायचा, त्यावरचा उपाय

ऑइल फिल्टरखाली सँडविच प्लेट (फिल्टर आणि इंजिनच्या मध्ये बसणारी चकती), तिच्यात 1/8 एनपीटी (पाइपच्या आट्यांचं अमेरिकन मानक) आट्याचा एकवायरी तापमान सेन्सर. गरम इंजिनवरही काटा 70 अंशांवर अडकायचा आणि हेडलाइट लावले की सरकायचा. सेन्सर शाबूत होता, दोष अर्थिंगचा, म्हणजे करंटच्या बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायच्या वाटेचा.

असा सेन्सर बॉडीतूनच अर्थ घेतो. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स घटतो. आट्यावर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली की वाटेत जादा रेझिस्टन्स येतो आणि गेज कमी तापमान दाखवतं. इंजिन बंद ठेवून, वायर काढून, मल्टीमीटरने सेन्सरची बॉडी ते बॅटरीचं निगेटिव्ह मोजा. 1 ओहमपेक्षा जास्त आलं तर टेप खरवडून काढा आणि पातळ लिक्विड सीलंट लावा, पण पहिले दोन आटे कोरडे सोडा. आटा निमुळता असतो, ॲल्युमिनियमच्या प्लेटमध्ये जोर लावला तर ती तडकते.

हेडलाइटचा घोळ वेगळा: गेजचा अर्थ दिव्यांच्या अर्थ पॉइंटवर जोडलेला होता. तो सोडवून इंजिन ब्लॉकवर स्वतंत्र वायर नेली, काटा स्थिर झाला.

आता रीडिंगवर विश्वास ठेवता येतो. कूलंट गरम झालं तरी ऑइल मागे असतं. 80 अंशांखाली इंजिन ताणू नका. घाटात 110 चालेल, 130 दिसलं की वेग कमी करा.