सेरेंगेटीच्या वाटेवर ओल्डुवाई चुकवू नका

टांझानियात गोरोंगोरोहून सेरेंगेटीला जाताना ओल्डुवाई घळ वाटेतच, मुख्य रस्त्यापासून थोडी आत लागते. गाडीवाले सिंहांच्या ओढीने सरळ पुढे काढतात, म्हणून बुकिंग करतानाच हा थांबा लिहून घ्या आणि प्रवेशशुल्क पॅकेजमध्ये आहे का ते विचारा. १९५९ मध्ये पुरातत्त्वज्ञ मेरी लीकी यांना इथेच सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची मानवसदृश कवटी सापडली. इथल्या संग्रहालयात जवळच्या लाएतोली इथल्या, मानवाच्या पूर्वजांच्या ३६ लाख वर्षांपूर्वीच्या पावलांच्या ठशांचा साचा आहे; त्या एकट्यासाठीही वाट वाकडी करावी! मूळ ठसे जपण्यासाठी मातीखाली झाकलेत. आधी संग्रहालय बघा, मग कड्यावरून घळ. थरांचे रंग तेव्हा कळतात. टोपी, पाणी हवंच. दगड उचलू नका.