स्थानाच्या सूत्रांवरून द्विमितीतील तात्कालिक त्वरण कसे काढावे

पुण्यातल्या एका शाळेच्या पटांगणावर रिमोटवर चालणारी छोटी गाडी धावते आहे, असे समजू. पटांगणाचा मध्य हा आरंभबिंदू, पूर्वेकडील अंतर क्ष, उत्तरेकडील अंतर य आणि वेळ ट मानली, तर पहिल्या सेकंदापुरते गाडीचे स्थान पुढील सूत्रांनी मिळते. अंतरे मीटरमध्ये आणि वेळ सेकंदांत आहे.

क्ष = २ट² + ३ट
य = ट³ − ४ट

ट = ०.५ या क्षणी गाडीचे त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, काढायचे आहे. दोन्ही घटकांचे वेळेच्या संदर्भात स्वतंत्रपणे विकलन करावे, म्हणजे वेळेनुसार त्यांच्या बदलाचा दर काढावा. क्ष चे गणित करताना य कडे पाहण्याची गरज नसते. पहिल्या विकलनाने वेगाचे घटक ४ट + ३ आणि ३ट² − ४ असे मिळतात, तर दुसऱ्या विकलनाने त्वरणाचे घटक ४ आणि ६ट असे येतात. वेळेची किंमत आता घालावी, त्याआधी नाही. माझ्या शिकवणीत सर्वाधिक गुण याच ठिकाणी जातात, कारण ०.५ ही किंमत आधीच घातली की हाती केवळ स्थिर संख्या उरते आणि तिचे विकलन शून्य येते.

किंमत घातल्यावर त्वरणाचे घटक पूर्वेकडे ४ आणि उत्तरेकडे ३ मिळतात; म्हणून त्याचे परिमाण √(१६ + ९) = ५ मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि दिशा पूर्वेपासून उत्तरेकडे सुमारे ३७ अंश (३/४ चा व्यस्त टॅन). कॅल्क्युलेटरवर व्यस्त टॅन काढताना मात्र आधी चरण, म्हणजे दोन अक्षांनी पडलेल्या चार भागांपैकी त्वरण कोणत्या भागात येते ते, पाहावा. पूर्वेकडील घटक ऋण असेल, तर आलेल्या कोनात १८० अंश मिळवावे लागतात.

त्वरण ५ आले म्हणजे गाडीची चाल (वेगाचे परिमाण) दर सेकंदाला ५ ने वाढते आहे, असा अर्थ पुष्कळ जण लावतात आणि तो चुकीचा आहे. त्याच क्षणी वेगाचे घटक ५ आणि −३.२५ आहेत, म्हणजे गाडी आग्नेयेच्या रोखाने जात असून त्वरण ईशान्येकडे आहे. वेग आणि त्वरण यांचा अदिश गुणाकार, म्हणजे जुळणाऱ्या घटकांच्या गुणाकारांची बेरीज, ५ × ४ + (−३.२५) × ३ = १०.२५ येतो, त्याला ५.९६ या चालीने भागले की चाल वाढण्याचा खरा दर सुमारे १.७ मीटर प्रति सेकंद वर्ग मिळतो. त्वरणाचा उरलेला भाग, वेगाला लंब असलेला सुमारे ४.७, गाडीला डावीकडे वळवण्यात खर्च होतो.

अलका टॉकीजच्या चौकातून बस टिळक रस्त्याकडे वळते, तेव्हा वेगमापकाचा काटा जागचा हलला नाही, तरी उभ्या प्रवाशाला वरचा दांडा घट्ट धरावा लागतो. तो याच लंब घटकामुळे. हे सूत्रात पाहायचे असेल, तर क्ष = १० कोसाइन(०.५ट) आणि य = १० साइन(०.५ट) घेऊन, कोन रेडियनमध्ये ठेवून, दोनदा विकलन करावे. चाल सतत ५ मीटर प्रति सेकंद राहते, त्वरणाचे परिमाण २.५ येते, आणि वेगाशी त्याचा अदिश गुणाकार प्रत्येक क्षणी शून्य असतो.