समोरासमोर बसणारा थेरपिस्ट मिळत नाही? भरतीतल्या या चुका टाळा

‘आजकाल सगळ्यांना घरूनच काम हवं’ ही तक्रार मुंबईतल्या मानसोपचार क्लिनिकच्या चालकांकडून सतत ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. लहान मुलांची प्ले थेरपी (खेळातून उपचार), बुद्ध्यांक चाचणी, ऑटिझमचं मूल्यमापन ही कामं पडद्यावर नीट होत नाहीत, हे थेरपिस्टलाही पटतं. तरी ते येत नाहीत, याचं कारण बहुतेक वेळा तुमच्या अटींत असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फक्त झालेल्या सेशनचेच पैसे देणं. अंधेरीतल्या क्लिनिकचं एक नमुन्याचं गणित बघा. फी 1,500, त्यातले 60 टक्के थेरपिस्टचे, म्हणजे 900. ती राहते कल्याणला. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो, दारापासून दारापर्यंत दीड तास सहज. अपॉइंटमेंट 11, 2 आणि 6 वाजता. दोनचा क्लायंट सकाळी रद्द करतो. संध्याकाळी सातपर्यंत थांबून, प्रवासासकट अकरा तास घालवून हातात 1,800. तीच तीन सेशन्स घरून तीन-साडेतीन तासांत होतात. अशी बाई महिन्याभरात सोडून जाते आणि क्लिनिक म्हणतं, नवी पिढी टिकत नाही! नुकसान मुलांचं होतं. जे मूल चौथ्या सेशनला कुठे वाळूच्या ट्रेपाशी बसून खेळायला लागलं होतं, त्याला नव्या ताईबरोबर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

म्हणून क्लिनिकच्या दिवसाला किमान चार सेशन्सचे पैसे पक्के ठेवा, क्लायंट येवो न येवो. आठवड्याचे दोन-तीन दिवस ठरवून टाका आणि अपॉइंटमेंट सलग लावा: 50 मिनिटं सेशन, 10 मिनिटं नोंदी. बरीच शाळकरी मुलं चारनंतर येतात, तेव्हा त्या वेळेसाठी माणूस जवळच्याच उपनगरातला शोधा. 24 तासांच्या आत रद्द केलं तर फी लागेल, हे पालकांना पहिल्याच दिवशी लेखी सांगा. ‘आधी पेशंट वाढू देत, मग बघू’ हा शॉर्टकट नवे क्लिनिकवाले हमखास घेतात आणि हमखास फसतात.

जाहिरातीत ‘हायब्रिड’ (काही दिवस क्लिनिकमध्ये, काही दिवस घरून) लिहून मुलाखतीत सहा दिवस सांगू नका. स्टेशन, वार, वेळ, किमान रक्कम जाहिरातीतच लिहा. अर्ज कमी येतील, पण येतील ते कामाचे.

‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हवा असेल तर आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, ही नोंदणी करणारी सरकारी संस्था) नोंदणी क्रमांक आणि त्याची मुदत आधी तपासा. या नोंदणीशिवाय नुसत्या एमएवर ते पद देता येत नाही.

थेरपिस्टला स्वतःचे ऑनलाइन क्लायंट घ्यायला बंदी घालू नका. उलट रिकाम्या तासाला खोली वापरू द्या.

खोलीकडे तर फारच दुर्लक्ष होतं. पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशीच थांबलं असेल, तर आवाज वरून पलीकडे जातो. एकाने आत नेहमीच्या आवाजात बोलावं, दुसऱ्याने बाहेर बाकावर बसावं. शब्द कळले तर पार्टिशन स्लॅबपर्यंत न्या, दाराखालची फट बुजवा. चांगला थेरपिस्ट मुलाखतीला आला की आधी हेच बघतो, म्हणून मुलाखत झूमवर उरकू नका. त्याला त्याच खोलीत बसवा, आणि येण्याजाण्याचं भाडं द्या.

पावसाळ्यात लोकल बंद पडल्या तर त्या दिवशीची मोठ्यांची सेशन्स ऑनलाइन होतील, मुलांची पुढे ढकलली जातील आणि किमान रक्कम कापली जाणार नाही, हे करारातच लिहा.