किनाऱ्यावर सायकल, येता-जाता रेल्वे: निघण्याआधीची तयारी

जायची गाडी नंतर ठरवा, आधी परतीची. शेवटच्या गाडीवर विसंबू नका. तिच्या आधीची गाडी आपली समजा आणि शेवटची पंक्चरसाठी राखून ठेवा. मग नकाशात दोन स्टेशनं शोधा, एक उतरायला आणि दुसरं परत चढायला. आल्या वाटेनेच माघारी फिरायचं असेल तर रेल्वेचा निम्मा फायदा वाया गेला. यांतल्या कुठल्या स्टेशनवर आधी उतरायचं, हे खुशाल वाऱ्यावर सोडा. हवामानाच्या अंदाजात वाऱ्याची दिशा पाहा आणि तो पाठीशी राहील असा मार्ग धरा. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारे सुटतात आणि किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर ते बाजूने ढकलत राहतात. म्हणून आडोसा नसलेले टप्पे सकाळीच उरकलेले बरे.

खाड्या नीट बघा. पलीकडचं गाव समोर दिसतं, पण पूल बराच आत असतो. होडी असेल तर ती सायकल घेते का आणि ओहोटीला धक्क्याला लागते का, याची चौकशी आधीच करा.

वाळूवरूनही सायकल चालवायची असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक मात्र हवंच, सायकलच्या पंपाइतकंच. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या रविवारी ज्या वेळी भरती होती, त्याच वेळी या रविवारी जवळपास ओहोटी सापडेल. कुणाच्या जुन्या आठवणीवर जाऊ नका. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. तेव्हा पाणी जास्त वर चढतं आणि जास्त खालीही जातं, म्हणजे रुंद, घट्ट वाळू मिळते, पण मोजक्याच वेळापुरती. शिवाय पाणी एकसारखं चढत नाही. साधारण सहा तासांच्या भरतीत निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच येतं. खडकाळ टोकाला वळसा घालायचा असेल तर पाणी उतरत असतानाच घाला. ओली, घट्ट वाळू सायकल पेलते, कोरड्या वाळूत चाक रुततं. टायरमधली थोडी हवा सोडली तर बरं चालतं, पण पुन्हा डांबरी रस्त्याला लागल्यावर ती भरावी लागते. पंप त्यासाठीही लागतो.

गाडीत सायकल नेण्याचे नियम रेल्वेगणिक बदलतात. कुठे घडीची सायकल पिशवीत घातली की साधं सामान ठरते, कुठे अख्ख्या सायकलीला ठरावीक डबा असतो, कुठे गर्दीच्या वेळी मनाईच. जाताना चालली म्हणून येताना चालेलच असं नाही, कारण परतीची वेळ बहुधा गर्दीची. पुढचं चाक काढून ठेवणार असाल आणि ब्रेक हायड्रॉलिक डिस्कचे (तेलाच्या दाबाने चाकावरची चकती दोन पॅडमध्ये धरणारे) असतील, तर पॅडच्या फटीत पुठ्ठ्याचा जाड तुकडा सरकवा. चाक नसताना चुकून ब्रेक दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात. चेनवर जुनं कापड गुंडाळा. शेजारच्या प्रवाशाच्या पँटला वंगण लागलं की सायकलवाल्यांविषयीचं सगळं कौतुक संपतं.

बाकी सामान थोडं. आपल्या चाकाच्या मापाची ट्यूब (माप टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं, व्हॉल्व्हचा प्रकारही जुळवून पाहा), टायर लिव्हर (टायर रिमवरून सोडवायची पट्टी), ॲलन कीचा (षट्कोनी किल्ल्यांचा) संच, पुढेमागे दिवे. पाणी आपल्याला वाटतं त्याहून जास्त घ्या. वाऱ्यात घाम लगेच वाळतो आणि तहान उशिरा कळते. टोपी हेल्मेटखाली बसेल अशी असावी.

आणि निघण्यापूर्वीच चेनचं वंगण, फडकं आणि पाण्याची बादली दाराशी काढून ठेवा. खारं पाणी आणि वाळू रात्रभर चेनवर राहिली तर गंज धरायला वेळ लागत नाही, आणि दमून आल्यावर वंगण शोधायला कुणी उठत नाही. गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, जोराची धार मारू नका. धारेने पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. कोरडं पुसून मगच वंगण लावा, आणि डिस्कवर त्याचा एक थेंबही उडू देऊ नका.